घंगाळाचा पंप

ग्वाल्हेरला समुद्र नाही, हे मी वेगळं सांगायला नको. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो आयुष्यात पाहिलेलाही नव्हता. तरीही माझ्या लहानपणी आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं समुद्राच्या पाण्याबद्दल व्हायचं. ते किती खारट झालंय, किती शिळं झालंय आणि मुख्य म्हणजे ते फिरतंय की नाही. जेवताना वडील मधेच हात थांबवून म्हणायचे, "डाव्या कोपऱ्यात पाणी मरून राहिलंय." आईला हे ऐकून ऐकून वीट आला होता. ती म्हणायची, "आधी ताटातली आमटी फिरवा, ती गार होऊन राहिली आहे."

किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटच्या अलीकडे दरबारचं एक पाहुणेघर होतं. त्याच्या मधल्या दालनात फार पूर्वी कुणीतरी हौसेनं काचेची एक मोठी टाकी बसवून घेतली होती. मुंबईहून रेल्वेनं लाकडी पिंपांतून समुद्राचं पाणी यायचं. कच्छच्या किनाऱ्यावरून आणलेले पोवळ्याचे जिवंत दगड टाकीच्या तळाशी रचलेले होते. त्या दगडांना चिकटून एक समुद्रफूल होतं. फूल म्हणायचं, पण तो प्राणी. पुरणपोळीएवढा पसरायचा आणि त्याचे जांभळट, बोटांसारखे असंख्य तंतू पाण्याबरोबर हलत राहायचे. त्या तंतूंत नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे राहत. इतर माशांना ते फूल डसायचं, या दोघांना नाही. पाहुणे आले की हे बघायला त्यांना आणत. आम्हा मुलांना तर हे फुकटातलं नवल होतं.

माझे वडील दरबारच्या वीजखात्यात होते. आमचे पूर्वज दक्षिणेतून, म्हणजे मराठी मुलखातून, आले ते हातात लेखणी घेऊन, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या कागद काळे करण्यात गेल्या. वडिलांनीच पहिल्यांदा पक्कड हातात घेतली, म्हणून नातेवाईक त्यांना 'मिस्त्री' म्हणून चिडवत. टाकीचा पंप बघायला त्यांना एकदा पाठवलं, आणि ते तिथेच अडकले. पुढे त्यांची नेमणूकच त्या टाकीवर झाली. दिवसातून दोनदा माशांना खाऊ घालायचं कामही त्यांच्याकडे आलं. खाऊ म्हणजे कुटलेले सोडे, वाळवलेली कोलंबी. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे, आणि हे गृहस्थ सोड्यांचा डबा सांभाळत! आईनं त्या डब्याला उंबरठा कधी ओलांडू दिला नाही, आणि वडिलांनाही आंघोळ केल्याशिवाय नाही.

पण खरं काम पाण्याचं होतं. वडील म्हणत, मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचं असतं. त्या जिवांना समुद्रात पाणी कधी स्वस्थ मिळत नाही, ते सतत ढकललं जातं, वळतं, परत येतं. त्यातूनच त्यांना हवा मिळते, अन्न मिळतं, अंगावरची घाण वाहून जाते. म्हणून टाकीच्या दोन बाजूंना दोन तोट्या होत्या आणि त्या समोरासमोर रोखलेल्या होत्या. दोन्हीकडचं पाणी मधोमध एकमेकांवर आदळून फुटावं, अशी योजना. धार थेट फुलावर गेली तर ते मिटतं, फार लांबून गेली तर मलूल होतं. वर पाण्याला बारीक लहर असली पाहिजे. तोटी सूतभर वळवायची, मग चिमूटभर गव्हाचा कोंडा टाकून तो कुठे वाहतो ते बघायचं. कोंडा जिथे थांबला तिथे पाणी मेलं. मला रविवारी ते बरोबर नेत. मी काचेला नाक लावून बसायची आणि ओरडायची, "बाबा, वो देखो, इधर रुक गया!" ते तोटी वळवता वळवता म्हणायचे, "मराठीत बोल." त्यांचं स्वतःचं मराठी काय दर्जाचं होतं ते वरच्या 'मरून राहिलंय'वरून कळलंच असेल.

मग संस्थान विलीन झालं. पहिल्यांदा कुणाला फारसा फरक कळला नाही. मध्य भारत झाला, मंत्री आले, हिवाळ्यात राजधानी इथे, उन्हाळ्यात इंदूरला, अशी ये-जा सुरू झाली. फायली ट्रंकांतून प्रवास करू लागल्या. आमचे शेजारी, जे कालपर्यंत दरबारचे नोकर होते, ते एकेक करून नव्या सरकारात सामावले गेले. ज्यांना कुठे जागा नाही ते 'सरप्लस'. हा शब्द आमच्या गल्लीत लहान मुलांनाही ठाऊक झाला होता. खेळात भिडू जास्त झाले की आम्ही म्हणायचो, "तू सरप्लस, तू बाजूला बस."

मुंबईहून पाण्याची पिंपं येणं बंद झालं. पाहुणेघर कुणाकडे जाणार, ते ठरत नव्हतं. वाळ्याच्या टट्ट्या भिजवायला उन्हाळ्यात दोन माणसं असत, ती गेली. आता वडीलच सकाळ-दुपार टट्ट्यांवर पाणी मारायचे, म्हणजे दालन थंड राहील. बाष्प होऊन टाकीतलं पाणी कमी झालं की विहिरीचं गाळलेलं गोडं पाणी हळूहळू घालायचे. इतकं करून सगळं जिवंत होतं. फूल पसरलेलं, नारिंगी जोडी घरात, एक पारदर्शक झिंगा दगडांमधून मिशा हलवत फिरणारा. मला वाटतं, तो काळ वडिलांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. वर साहेब नव्हता, खाली शिपाई नव्हता, आणि समुद्र पूर्ण त्यांच्या ताब्यात होता.

आणि मग पंप गेला.

तो विलायती पंप होता. त्याचं पोट आणि आतली फिरकी काळ्या कडक रबराची होती. ते रबर वयानं तडकलं. मोटर धडधाकट होती, पण पाणी ओढणारं अंगच फुटलं. वडिलांनी नव्या पंपाची मागणी केली. ती इंदूरला गेली, तिथून परत आली, मग कळलं की आता सगळंच भोपाळला जाणार. मध्य भारत मोडून मोठा मध्य प्रदेश होणार होता. बाड्यावर, म्हणजे गावातल्या मोठ्या चौकात, संध्याकाळी माणसं घोळक्यानं उभी राहून हेच बोलत, की राजधानी गेली, आता या गावात काय उरलं. वडिलांना राजधानीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना फक्त पंप पाहिजे होता.

त्यातच निरोप आला की नव्या खात्याचे साहेब पाहणीला येणार. जे चालू असेल ते, त्यावरच्या माणसासकट, सरकार ठेवील. जे बंद असेल ते लिलावात जाईल आणि त्यावरचा माणूस सरप्लस. वडिलांपुढे आता एवढंच सरळ कोडं होतं. साहेब येतील त्या दिवशी टाकीत जीव असला पाहिजे.

पाणी थांबून चालणार नव्हतं. पहिले काही दिवस आम्ही ते हातानं फिरवलं. वडील एनामलच्या मोठ्या मगानं पाणी उपसून उंचावरून सोडायचे, ते दमले की मी. आई घरून डबा घेऊन यायची आणि दाराबाहेर उभी राहून आमच्याकडे बघायची. एक दिवस ती आत आली. तिनं टाकीजवळ येऊन त्या फुलाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ते जरा आकसलं होतं. ती म्हणाली, "हे बिचारं श्वास लागल्यासारखं करून राहिलं आहे." आणि घरी आल्यावर तिनं माळ्यावरून घंगाळ काढलं.

ते तिच्या माहेरचं. लग्नात दिलेलं, जाड तांब्याचं, दोन कड्यांचं. आम्हा सगळ्यांची दिवाळीची पहिली आंघोळ त्यातल्या पाण्यानं झालेली. ती म्हणाली, "याचा होईल का तुमचा पंप?"

वडिलांनी घंगाळाच्या पोटावर टिचकी मारली आणि तो आवाज ऐकत राहिले. 

टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक ठठेरा, म्हणजे आपला तांबट, होता. वडिलांनी जुन्या पंपाचे तुकडे त्याच्यापुढे मांडले. त्यानं घंगाळ कापलं, ठोकलं, पंपाचं नवं पोट केलं, उरलेल्या पत्र्याच्या नळ्या वळल्या. फिरकी पितळेची ओतून घेतली. ते काम चाललेलं असताना एकदा घरी जेवता जेवता आईनं विचारलं, "आतून कल्हई लावून घ्यायची का?"

कल्हई म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट-खारट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हिरवा पडतो, खाल्ला तर माणूस ओकतो. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाचा थर देतात, ती कल्हई. पण पाण्याच्या भांड्यांना ती कोणी लावत नाही. पाणी उघड्या तांब्यातच ठेवायचं, ते त्यानं शुद्ध होतं, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. संध्येची पळीपंचपात्री तांब्याची, देवापाशी ठेवायचं पाणी तांब्याच्या गडूत, काशीहून आलेली गंगा तांब्याच्या लोटीत.

वडील हसले. "वेडी आहेस का? पाण्याच्या भांड्याला कोणी कल्हई लावतं?"

आईसुद्धा हसली. "खरंच की," म्हणाली.

पंप बसवला तो दिवस मला सणासारखा आठवतो. आईनं हळदकुंकू आणलं होतं, ते मोटरला लावलं. वडिलांनी बटण दाबलं. नळ्या थरथरल्या, थोडी हवा गुडगुडली, आणि दोन्ही तोट्यांतून पाणी सुटलं. मधोमध फुटलं. वर बारीक लहर उठली. मी कोंडा टाकला, तो वळला, गोल फिरला, दगडांच्या मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. कुठेच थांबला नाही. काळ्या रबराच्या पंपानंही असं कधी फिरवलं नव्हतं. आकसलेलं फूल त्या संध्याकाळी हळूहळू पुन्हा पसरलं. आम्ही तिघंही टाळ्या वाजवत होतो. वडील म्हणाले, "आता येऊ देत साहेबांना."

साहेब काही आले नाहीत. भोपाळला कार्यालयं मांडायची होती, त्यांना सवड नव्हती.

थोड्याच दिवसांत झिंगा दिसेनासा झाला. एका सकाळी तो दगडाआड उताणा सापडला. वडील म्हणाले, म्हातारा झाला असेल. मग पोवळ्याच्या दगडांचा रंग उडायला लागला, कडेकडेनं पांढरा होत गेला. फुलाचे तंतू आखूड झाले. त्याचं तोंड, जे एरवी मिटलेलं असायचं, ते उघडंच राहायला लागलं. वडिलांनी निदान केलं की पाणी कमी पडतंय. त्यांनी मोटरची चाकी बदलली, पंप जोरात फिरायला लागला. फूल आणखी मिटलं. त्यांनी आणखी जोर लावला. वीज जायची तेव्हा ते पट्टा हातानं ओढून पंप चालू ठेवत. त्यांच्या तळहातांना घट्टे पडले आणि फुटले.

पंपाच्या पोटात हिरवट थर धरायचा. वडिलांना वाटलं शेवाळ. दर आठवड्याला ते पंप खोलायचे आणि घरून चिंच नेऊन आतून लखलखीत घासून काढायचे. आई देवाची भांडी जशी घासते अगदी तसं. पाण्याला घाणेरड्या धातूचा स्पर्श नको, म्हणून. घासून पुसून परत जोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी फूल आदल्या दिवसापेक्षा लहान असायचं. त्यांना काही म्हणजे काही उमगत नव्हतं. मला त्या दिवसांतला त्यांचा चेहरा अजून दिसतो, आणि अजून राग येतो. कुणावर येतो, ते सांगता येत नाही.

एक दिवस फूल दगडावरून सुटलं. ज्या प्रवाहासाठी सगळा खटाटोप केला, त्यानंच ते उचललं आणि टाकीभर फिरवलं. नारिंगी मासे त्याच्यामागे जात होते. ते कोपऱ्यात आदळलं की तिथे, तिथून निघालं की पुन्हा मागे. वडिलांनी पंप बंद केला नाही. मी म्हटलं, "बाबा, जरा थांबवा ना." ते म्हणाले, "थांबवलं तर मासेही जातील." ते गेलेच, एकामागून एक, तो आठवडा संपायच्या आत.

साहेब आले तेव्हा हिवाळा लागला होता. मी वडिलांबरोबर होते, कारण त्यांना एकट्याला सोडायला आई तयार नव्हती. दालन झाडून ठेवलं होतं. काचा पुसलेल्या. पंप चालू होता. मधोमध पाणी फुटत होतं, वर लहर होती, पांढरे दगड तळाशी दिसत होते. साहेब टाकीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पानी तो बढ़िया घूम रहा है. मछली कहाँ है?"

वडील म्हणाले, "थीं साहब."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी सोबतच्या कारकुनाकडे बघून मान हलवली. टाकी लिलावात गेली, पंपासकट. पंप सरकारी टाकीला जोडलेला होता, तो आमचा आहे असं दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं आणि वडिलांनी तोंडही उघडलं नाही. आईचं घंगाळ असं भंगारात गेलं. वडील सरप्लस झाले. पुढे ते टोपी बाजारातल्या एका दुकानात टेबलफॅन दुरुस्त करायला बसत. ते काम त्यांनी चोख केलं, पण त्याबद्दल घरी कधी एक शब्द बोलले नाहीत. जेवताना हात थांबवणंही बंद झालं.

मी प्राणिशास्त्र शिकले. का, ते उघड आहे. कॉलेजच्या सहलीत आम्हाला समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात नेलं. मी समुद्र पहिल्यांदा तिथे पाहिला आणि खरं सांगते, टाकीच जास्त आवडली होती. तिथल्या हौदांच्या सगळ्या नळ्या काचेच्या आणि मातीच्या होत्या. आमच्या बाई सवयीच्या सुरात सांगत होत्या, की इथे तांबं-पितळ आत येऊ देत नाहीत. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं, आणि ते या जिवांना विष आहे. झिंगे आणि फुलं आधी जातात, मासे मागून. बाकीच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. मी हौदाच्या कट्ट्यावर बसले. म्हणजे फूल आजारी नव्हतं. पाणी कमी नव्हतं. वडील जितका पंप जोरात फिरवत होते, तितकं जास्त पाणी घंगाळातून जात होतं. जितकं चिंचेनं घासत होते, तितकं कोरं तांबं उघडं पडत होतं.

सुट्टीत घरी आले तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली. मग म्हणाली, "मीठ होतं ना गं त्यात. लोणचं मी जन्मात कधी तांब्यात घातलं नाही. ताकसुद्धा ठेवत नाही." आणि मग, "मी कल्हईचं विचारलं होतं. आणि मग मीच हसले."

"बाबांना सांगू?" मी विचारलं.

ती विळी उचलून परत चिरायला लागली.

मी सांगायचं ठरवलं होतं. खरं ते कळलं पाहिजे, असं माझं त्या वयात ठाम मत होतं. वडील बाहेर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, की आम्ही समुद्र बघितला, तिथे टाक्या होत्या. त्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. तोट्या कशा होत्या, विचारलं. समोरासमोर होत्या का. कोपऱ्यात पाणी मरत होतं का. मी सांगत गेले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ते म्हणाले, "आपलं पाणी शिळं होऊन गेलं होतं. मुंबईहून पिंपं बंद केली ना त्यांनी, त्यानं घात केला. नाहीतर..." मग आपल्या तळहातांकडे बघून म्हणाले, "पण एक आहे. शेवटपर्यंत मी पाणी थांबू दिलं नाही."

आईनं आतून त्यांच्यासाठी तांब्याभांडं आणून ठेवलं, नेहमीचं, चिंचेनं घासलेलं. ठेवताना तिनं माझ्याकडे बघितलं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "एकदाही थांबू दिलं नाहीत."